कोणत्या कामाला माणसे हवीत, याची यादी जिल्ह्याने दर तिमाहीला जाहीर करावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर जिल्ह्यात रोजगार मेळावा झाला की त्याची बातमी येते. किती आस्थापना आल्या, किती उमेदवारांनी नोंदणी केली, किती जणांची 'प्राथमिक निवड' झाली, एवढे आकडे तिच्यात असतात. निवड झालेल्यांपैकी प्रत्यक्ष कामावर किती जण रुजू झाले, सहा महिन्यांनंतर किती टिकले आणि आस्थापनांनी आणलेल्या जागांपैकी कोणत्या जागा न भरताच परत गेल्या, हे मात्र आमच्या वाचनात येत नाही. माझ्या मते यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बाकीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचे आहे, कारण जिल्ह्याला कोणत्या कौशल्याची वानवा आहे, हे न भरलेल्या जागाच सांगतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मशिनिस्ट आणि टर्नर या ट्रेडचा शिल्प निदेशक (प्रशिक्षक) म्हणून माझी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतरही जुने विद्यार्थी, त्यांचे पालक आणि कारखानदार यांच्याशी माझा संबंध सुटलेला नाही. त्या अनुभवावरून एक मागणी आपल्या वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडत आहे: जिल्ह्यात कोणत्या कामासाठी किती जागा रिकाम्या आहेत, त्या कोणत्या तालुक्यात आहेत आणि त्या कामाचा पगार प्रत्यक्ष हातात किती पडतो, याची यादी जिल्हा प्रशासनाने दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावी.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांशी बोलावे, तर पोरे मिळत नाहीत ही तक्रार ठरलेली. भुदरगड, राधानगरी, आजरा, चंदगड या भागांतल्या पदवीधरांशी बोलावे, तर नोकऱ्याच नाहीत हेही तितकेच ठरलेले. एकाच जिल्ह्यात, एसटीच्या काही तासांच्या अंतरावर ही दोन्ही गाऱ्हाणी रोज ऐकू येतात आणि दोन्ही खरी आहेत. कारखान्याला हवा असलेला माणूस आणि त्या पदवीधराच्या हाती असलेले शिक्षण यांची गाठ घालून देईल अशी खात्रीची माहिती कोणाजवळच नसल्यामुळे एकीकडे यंत्रे थांबून राहतात आणि दुसरीकडे मुलांची उमेदीची वर्षे निघून जातात.

बारा तालुक्यांचा आणि २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ३८ लाख ७६ हजार लोकसंख्येचा हा जिल्हा रोजगाराच्या बाबतीत एकसारखा नाही. करवीर, हातकणंगले आणि कागलमध्ये फौंड्री (ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉप, इचलकरंजीत यंत्रमाग, हुपरीत घरोघरी चालणारे चांदीचे काम, वीसहून अधिक साखर कारखाने, दूध संघ, चंदगड-आजऱ्याकडे काजू प्रक्रिया, आणि शहरात दवाखाने, शिक्षणसंस्था, हॉटेले व बांधकाम असे त्याचे स्वरूप आहे. राज्याची किंवा देशाची सरासरी काढून या जिल्ह्याला काय हवे आहे ते कळणार नाही. किंबहुना जिल्ह्याची सरासरीसुद्धा पुरेशी नाही, कारण गगनबावड्याचा प्रश्न आणि शिरोळचा प्रश्न वेगळा आहे.

फौंड्रीपासून सुरुवात करतो. शेतीचे पाणी आणि गुऱ्हाळे यांना लागणाऱ्या ऑइल इंजिनांपासून इथला हा उद्योग वाढला आणि उद्यमनगरात म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांच्या पिढीने त्याचा पाया घातला. आज जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फौंड्री आहेत आणि वाहने, ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह यांना लागणारी कास्टिंग (ओतीव भाग) त्यांतून देशभर जातात. मोल्डिंग (साचे तयार करणे), कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचा भाग) बनवणे, भट्टी सांभाळणे आणि फेटलिंग या कामांवर आता बऱ्याच ठिकाणी उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथून आलेले कामगार दिसतात. २०२०च्या टाळेबंदीत ते गावी परतले, तेव्हा हा उद्योग कोणाच्या हातांवर उभा आहे, हे सर्वांनाच समजले. चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस लॅडलमधून साच्यात ओतणे किंवा फेटलिंगमध्ये दिवसभर ग्राइंडर धरून कास्टिंगच्या कडा घासणे हे काम अंगावर येणारे आहे आणि सिलिकाची धूळ फुप्फुसांत जाते. स्थानिक मुले या कामाला येत नाहीत म्हणून त्यांना आळशी ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. धूळ खेचून घेणारी यंत्रणा, चांगले मास्क, वेळच्या वेळी छातीचा एक्स-रे आणि कंत्राटदाराऐवजी थेट कंपनीच्या हजेरीपटावर नाव, एवढ्या गोष्टी मिळत असतील तिथे माणसे टिकतात, असे मी पाहिले आहे.

पण फौंड्री म्हणजे फक्त ओतकाम आणि फेटलिंग नव्हे, आणि नेमकी हीच गोष्ट विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलेली नाही. प्रत्येक चांगल्या फौंड्रीत साच्यांच्या वाळूची प्रयोगशाळा असते. वाळूतली ओल, तिची ताकद, तिच्यातून वायू बाहेर पडण्याची क्षमता दिवसातून अनेकदा तपासावी लागते. धातूचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर लावून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक यांचे प्रमाण काही मिनिटांत सांगावे लागते, कारण भट्टीतला रस निकालाची वाट पाहत थांबलेला असतो. हे काम रसायनशास्त्रातली बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींना थोड्या प्रशिक्षणाने करता येते. रस साच्यात कसा भरेल, कुठे आकसेल, कुठे पोकळी राहील, याचे संगणकावर आधीच अनुमान काढणारे, पॅटर्नचे त्रिमितीय आरेखन करणारे, स्वयंचलित मोल्डिंग लाइनची देखभाल करणारे अशी कितीतरी कामे आहेत. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून दरवर्षी विज्ञानाचे पदवीधर बाहेर पडतात. त्यांच्यातल्या किती जणांना पदवीपूर्वी एकदा तरी फौंड्रीची प्रयोगशाळा दाखवली जाते, हे प्राध्यापक मंडळींनी स्वतःला विचारावे.

मशीन शॉपची स्थिती माझ्या अधिक जवळची. मध्यंतरी एका कारखान्याच्या भरतीच्या वेळी मी उपस्थित होतो. व्यवस्थापकांनी लेखी परीक्षा घेतली नाही. टेबलावर मशिनिंग झालेले एक बेअरिंग हाउसिंग, त्याचे ड्रॉइंग, व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि बोअर गेज ठेवले आणि आतला बोअर (गोल छिद्र) मोजून तो ड्रॉइंगमध्ये दिलेल्या टॉलरन्समध्ये (मापात चालेल इतक्या तफावतीत) बसतो की नाही, एवढेच सांगायला सांगितले. बहुतेकांनी व्हर्नियर उचलला. शंभरांश मिलिमीटरचा हिशेब असतो तिथे व्हर्नियरचा उपयोग नाही. बोअर गेज आधी मायक्रोमीटरवर शून्य करून घ्यावा लागतो, मग तो बोअरमध्ये हलकेच डोलवून काटा ज्या जागेवरून उलटा फिरतो ते वाचन पकडावे लागते. पदविका घेतलेल्या काही मुलांना बोअर गेजचे सगळे भाग तोंडपाठ होते, पण तो हातात धरायचा कसा ते ठाऊक नव्हते. ज्याला ते सहज जमले तो आयटीआयचा मुलगा होता आणि सुट्ट्यांमध्ये गावातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिलेला होता. त्याला तिथल्या तिथे घेतले.

या उद्योगातली टंचाई नेमकी कुठे आहे, याविषयी बाहेर बराच गैरसमज आहे. कारखान्यांच्या फाटकावरचे फलक आणि समाजमाध्यमांवरचे निरोप 'सीएनसी, व्हीएमसी (म्हणजे संगणकीय प्रोग्रॅमवर चालणाऱ्या यंत्रांचे) ऑपरेटर पाहिजेत' एवढेच सांगतात. जॉब लावणे, बटण दाबणे, जॉब उतरवणे आणि मापे नोंदवणे इतके काम करणारा ऑपरेटर काही आठवड्यांत तयार होतो आणि तसा तो मिळतोही. त्याचा पगारही म्हणूनच फारसा वाढत नाही. न मिळणारा माणूस आहे तो सेटर. नवीन जॉब आला की ड्रॉइंग वाचून संदर्भपृष्ठ ठरवणे, फिक्स्चर बसवणे, टूलचे ऑफसेट घेणे, प्रोग्रॅममध्ये लागेल ती दुरुस्ती करणे, इन्सर्ट (टूलचे कापणारे पाते) लवकर का झिजतो ते ओळखणे ही त्याची कामे, आणि ती शिकायला दोन-तीन वर्षे चांगल्या हाताखाली काढावी लागतात. त्याच्याबरोबरच सीएमएम या मोजमाप यंत्रावर तपासणी करणारा निरीक्षक आणि यंत्राचे नियंत्रण करणाऱ्या पीएलसी, सर्व्हो, सेन्सर यांतला बिघाड शोधू शकणारा देखभाल इलेक्ट्रिशियन यांनाही मागणी आहे. ऑपरेटर आणि सेटर यांना एकाच नावाने बोलावल्यामुळे जो मुलगा तीन महिन्यांचा सीएनसी कोर्स भरमसाट शुल्क देऊन करतो, त्याला आपण टंचाईच्या जागेसाठी तयार होत आहोत असे वाटते आणि प्रत्यक्षात तो गर्दीच्या रांगेत उभा राहतो. खासगी संस्थांनी चालवलेले असे कोर्स जिल्ह्यात कमी नाहीत. पालकांचे पैसे त्यात जातात याचे मला मनापासून वाईट वाटते.

इचलकरंजीची कथा वेगळी आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि त्यानंतरच्या काळात ते गाव वस्त्रनगरी झाले. साध्या मागांवर कामगार, माग दुरुस्त करणारे जॉबर, धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या कांडीवाल्या, वहिफणी करणारे, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमधले कामगार आणि दिवाणजी अशी कामांची एक साखळी होती आणि मजुरी पिकावर (विणलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर) ठरत असे. आता साधे माग भंगारात निघत आहेत आणि त्यांच्या जागी एअरजेट, रेपियर असे शटललेस (धोट्याशिवाय चालणारे) माग येत आहेत. एका कामगाराकडे पूर्वीपेक्षा जास्त माग येतात, कांडीचे काम तर या मागांवर राहतच नाही, आणि दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक कार्ड, कॉम्प्रेसर, संगणकीय डिझाइन समजणारा तंत्रज्ञ शोधावा लागतो. पन्नाशीच्या घरातल्या कांडीवालीला कोणता मार्ग आहे, याचा विचार रोजगाराच्या चर्चेत झाला पाहिजे. मागणी असलेल्या कामांची यादी करताना ज्या कामांची मागणी ओसरते आहे त्यांचीही नोंद त्यात हवी, म्हणजे तयार कपड्यांच्या शिलाईचे प्रशिक्षण, अनुदान, निवृत्तिवेतन यांचे नियोजन वेळेत करता येईल.

इतर क्षेत्रांबद्दल थोडक्यात लिहितो. दवाखान्यांना प्रशिक्षित परिचारिका, शस्त्रक्रियागृहातले व डायलिसिसचे तंत्रज्ञ, आणि घरी राहून वृद्धांची शुश्रूषा करू शकणारी माणसे हवी आहेत. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या घरांत तर या शेवटच्या कामासाठी माणसाची शब्दशः वाट पाहावी लागते. 'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, शिवाय सौर कृषिपंप आले, आणि छतावर पॅनेल बसवून इन्व्हर्टर व अर्थिंगचे काम नीट करणाऱ्या वायरमनची गरज वाढली. ऊसतोडणीसाठी बीडहून येणाऱ्या टोळ्या पुरेशा मिळेनाशा झाल्या, तसे तोडणी यंत्र चालवणारा आणि शेतात उभ्या यंत्राची दुरुस्ती करू शकणारा माणूस कारखान्यांना लागू लागला आहे. जेसीबी आणि अवजड वाहने चालवणारे, फरशी बसवणारे, प्लंबर, सेंट्रिंगचे मिस्त्री यांची टंचाई तर घर बांधायला काढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे इथे येऊ लागली. वकिलांच्या कार्यालयांना लघुलेखक, अचूक टंकलेखन करणारे, मराठी कागदपत्रांचे इंग्रजीत नेमके भाषांतर करणारे आणि फाइलिंगची कार्यपद्धती जाणणारे कारकून यापुढे सातत्याने लागतील. भाषा विषय घेऊन पदवी मिळवलेल्यांना आपल्याच शहरात काम मिळण्याची अशी संधी यापूर्वी क्वचितच आली असेल. ही गोष्ट एखाद्या महाविद्यालयाने ओळखून वर्षभराचा अभ्यासक्रम आखला, तर फार चांगले होईल.

हे सगळे असताना मुले कोठे आहेत? मोठ्या संख्येने ती भरतीच्या अकॅडमीत आणि अभ्यासिकेत आहेत. २०२४च्या राज्यातल्या पोलीस भरतीत १७ हजारांहून अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे एका जागेला जवळपास शंभर अर्ज. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या त्या मुलांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. त्यांना उपदेश करण्याचा माझा विचार नाही. सरकारी नोकरीचा पगार, सुट्ट्या, बढती यांची माहिती जाहिरातीत छापलेली असते, निवडीचा नियम सर्वांना सारखा असतो आणि लग्नाच्या बाजारात तिला मान असतो. खासगी कारखान्यातल्या जागेची मात्र यातली एकही गोष्ट मुलाला आधी कळत नाही. ज्या वाटेची माहिती आहे त्या वाटेने माणूस जातो, मग तिच्यावर शंभर जणांमागे एकच पोहोचणार असला तरी.

म्हणूनच पगाराचा आकडा यादीत असावा, असा माझा आग्रह आहे. कारखानदार मंडळींशी माझे जिव्हाळ्याचे संबंध आहेत, तरीही सांगतो: जागा न भरण्याच्या तक्रारीसोबत त्या जागेचा पगार सांगितला नाही, तर ती तक्रार अर्धवट आहे. फलकावर 'पगार योग्यतेनुसार' लिहिलेले असते. काही ठिकाणी पाळी आठऐवजी बारा तासांची निघते, काही ठिकाणी नेमणूक कंत्राटदाराकडून होते आणि भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कामगार विमा) कापले जाते की नाही, हे पहिला पगार हाती आल्यावरच कळते. शिकाऊ उमेदवारी नियमांत २०१९ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार आयटीआय उत्तीर्ण शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरले. राधानगरीच्या पश्चिमेकडच्या खेड्यातून येऊन कागलला खोली घेऊन राहणाऱ्या मुलाने त्यातून खोलीभाडे, मेस आणि प्रवास भागवायचा म्हटले, तर घरून पैसे मागवावे लागतात. तो सहा महिन्यांत काम सोडतो आणि मग त्याच्यावर 'टिकत नाही' असा शिक्का बसतो. राज्य शासनाच्या २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठेवले होते. योजना चांगल्या हेतूची होती, पण अनेक मुलांनी तो काळ ग्रामपंचायती, शाळा आणि सरकारी कार्यालयांत काढला, जिथे मुदत संपल्यावर त्यांच्यासाठी जागा निर्माण होण्याची शक्यता मुळातच कमी होती. सेटरच्या किंवा प्रयोगशाळा साहाय्यकाच्या जागा कुठे आहेत, हे त्या वेळी जाहीर असते, तर यातल्या काही मुलांची पावले निश्चित तिकडे वळली असती.

आता, अशी यादी करता येईल का, हा प्रश्न. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. सेवायोजन कार्यालयांना रिक्त पदे कळवण्याची सक्ती करणारा कायदा १९५९ पासून होता. सार्वजनिक क्षेत्रातल्या सर्व आणि खासगी क्षेत्रातल्या २५ किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी रिकाम्या जागा कळवायच्या, दर तिमाहीला ईआर-१ हे विवरणपत्र भरायचे आणि दोन वर्षांतून एकदा व्यवसायनिहाय माहितीचे ईआर-२ भरायचे, असे त्यात होते. कार्यालयाने पाठवलेलाच उमेदवार घ्यावा अशी सक्ती त्यात नव्हती. फक्त माहिती द्यायची होती. रिकामी जागा न कळवल्यास पहिल्या कसुरीला दंड होता ५०० रुपयांपर्यंत. एवढ्या दंडाची धास्ती कोणाला वाटणार? विवरणपत्रे भरली गेली तीही बहुधा संख्या पुरवण्यापुरती, आणि त्यांतून जिल्ह्याच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काही बाहेर आल्याचे माझ्या नोकरीच्या काळात मी पाहिले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. रिक्त पदे कळवण्याची तरतूद तिथेही आहे आणि तिची मर्यादा आता २० कामगारांवर आली आहे. म्हणजे अधिक कारखाने तिच्या कक्षेत येतात. नव्या व्यवस्थेची घडी बसत असतानाच आपल्या जिल्ह्याने ही तरतूद गांभीर्याने राबवली, तर पुढे ती रूढ होईल.

केंद्र सरकारचे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण आहेच, मग वेगळे आकडे कशाला, असे कोणी म्हणेल. जानेवारी २०२५ पासून ते दरमहा येते आणि त्याच्या नमुना निवडीत जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु ते सर्वेक्षण घरी जाऊन माणसांना विचारते की तुम्ही काम करता का, काम शोधता का. रिकामी जागा घरात सापडत नाही. ती कारखान्यालाच विचारावी लागते. अमेरिकेत प्रत्येक काउंटीतल्या रोजगाराचे आणि वेतनाचे उद्योगनिहाय आकडे दर तिमाहीला प्रसिद्ध होतात आणि ते मुख्यतः मालकांनी बेरोजगारी विम्यासाठी भरलेल्या विवरणपत्रांतूनच काढले जातात. आपल्याकडेही भविष्य निर्वाह निधीसाठी प्रत्येक नोंदणीकृत आस्थापना दरमहा कामगारनिहाय विवरण भरते. त्यातून किमान कोणत्या तालुक्यात, कोणत्या उद्योगात कामगार वाढले की घटले आणि वेतन कोणत्या पातळीवर आहे, एवढे तरी कोणाचेही नाव उघड न करता काढता येईल. छोटी वर्कशॉप आणि कंत्राटी कामगार त्यात पूर्णपणे येणार नाहीत हे खरे, पण आज हाती काहीच नसण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

आणखी एक उदाहरण देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी सुमारे दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वाहनचालक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार अशा व्यवसायांची नावे त्या वेळी जाहीर झाली. सात समुद्रांपलीकडच्या एका राज्याला कोणत्या व्यवसायाची माणसे हवीत, हे आपल्या शासनाला सांगता आले. शिरोलीला किती आणि कोणती हवीत, हे जिल्हाधिकारी कार्यालयालाही सांगता यावे, ही अपेक्षा जास्त आहे असे मला वाटत नाही.

यादी करण्याचे काम जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडे असावे, आणि जिल्हा उद्योग केंद्राबरोबर स्मॅक, गोशिमा, मॅक, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या उद्योजकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांकडून माहिती मिळवून द्यावी. उद्योजकांनी मागणी फुगवून सांगण्याचा धोका आहे, कारण मनुष्यबळाची टंचाई दाखवली की नवे प्रशिक्षण वर्ग मिळतात आणि पगार न वाढवता माणसे मिळतील अशी आशा वाटते. यावर साधा उपाय असा की प्रत्येक जागेपुढे ती किती दिवसांपासून रिकामी आहे आणि तिला देऊ केलेला पगार किती, हे दोन रकाने सक्तीचे ठेवावेत. तीन महिने रिकामी राहिलेली आणि पगारही रास्त असलेली जागा ही खऱ्या कौशल्यटंचाईची. तीन महिने रिकामी राहिलेली आणि किमान वेतनाच्या आसपास अडकलेली जागा ही पगाराच्या प्रश्नाची. दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत आणि दोन्ही एकाच बेरजेत घातल्यामुळे आजवर चुकीचे कोर्स उघडले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयटीआयच्या जागांचे नियोजनही त्याच यादीवरून व्हावे. नवीन ट्रेड किंवा तुकडी सुरू करायला मान्यता, यंत्रसामग्री आणि निदेशक या तीन गोष्टी लागतात आणि त्यांत वेळ जातो. त्यानंतर मुलगा ट्रेडनुसार एक-दोन वर्षे शिकतो. म्हणून एका तिमाहीच्या आकड्यावर नव्हे, तर किमान दोन वर्षांच्या कलावर निर्णय घ्यावा लागेल, आणि तो कल दिसायचा तर मोजणी आजच सुरू झाली पाहिजे. आयटीआयच्या दर्जावाढीसाठी केंद्राने २०२५ मध्ये ६० हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि तिच्यात एक हजार संस्था घेण्याचे ठरले. त्यातून आपल्या जिल्ह्यातल्या संस्थांना निधी मिळाला आणि तो कशावर खर्च करावा याचा पुरावाच आपल्याजवळ नसला, तर रंगरंगोटी आणि संगणक खरेदी यांतच तो संपेल. प्रत्येक शासकीय आयटीआयला उद्योजकांचा सहभाग असलेली संस्था व्यवस्थापन समिती असते. तिच्या बैठकीत तिमाही यादी मांडली गेली आणि कोणत्या ट्रेडला किती बोअर गेज, किती चालू स्थितीतली सीएनसी यंत्रे आहेत, यावर चर्चा झाली, तर मुलांच्या हाताला सराव मिळेल.

मुलींच्या बाबतीत एक व्यावहारिक मुद्दा राहतो. तपासणी, प्रयोगशाळा, आरेखन, इलेक्ट्रॉनिक्स जुळणी या कामांत मुली उत्तम असतात, हे मी वर्गात पाहिले आहे आणि कारखानदारही मान्य करतात. तरी भुदरगड किंवा पन्हाळ्याच्या खेड्यातली मुलगी ती नोकरी घेत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा पाळी संपल्यावर घरी पोहोचवणारे वाहन नसणे एवढेच असते. रिकाम्या जागा कोणत्या वसाहतीत आणि कोणत्या पाळीत आहेत, हे यादीत आले, तर एसटी महामंडळाला त्या वेळांच्या फेऱ्या आखता येतील आणि चार-पाच कारखान्यांना मिळून एक बस ठेवता येईल.

पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी यांनी जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी माझी विनंती आहे. पहिल्या यादीत सगळे उद्योग आले नाहीत तरी चालेल. फौंड्री, मशीन शॉप, यंत्रमाग आणि दवाखाने एवढ्या चारच क्षेत्रांपासून आरंभ करावा. ती मराठीत असावी, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक माध्यमिक शाळेत लागावी, आणि दहावीचा निकाल लागण्याच्या आत यावी, म्हणजे आयटीआय आणि तंत्रनिकेतनाचे प्रवेशअर्ज भरताना मुलांना व पालकांना ती समोर ठेवता येईल. तिचा नमुना तक्ता तयार करण्यासाठी आणि कारखान्यांत जाऊन माहिती गोळा करण्यासाठी माझ्यासारखे काही निवृत्त निदेशक विनामोबदला वेळ द्यायला तयार आहेत. संबंधित कार्यालयाने बोलावल्यास आम्ही कोणत्याही दिवशी येऊ.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
कोल्हापूर